एवढंच द्यायचं

ऑफिसात पोचल्यावर बाकीचे लोक आधी मेल बघतात. मी आधी बहिणीचं पान उघडायचे. पान म्हणजे आमच्या वेबसाइटवरचं तिचं कार्ड. कुत्र्यामांजरांना अंघोळ घालणारी, त्यांची नखं कापणारी, त्यांना फिरवून आणणारी माणसं घरी बोलवायची असली की लोक आमच्या साइटवर येतात. ती साइट चालवणाऱ्या तीन डोक्यांपैकी एक माझं. कार्डावर बहिणीचं खरं नाव नव्हतं, तिनं स्वतः निवडलेलं नवं नाव होतं. फोटोत चेहरा नव्हता. फेसानं माखलेलं एक भलंमोठं पांढरं कुत्रं आणि त्याच्या मानेत रुतलेले दोन हात, बस. त्या फोटोकडे बघत मी चहा प्यायचे. फोनवर आम्ही बोलायचो, पण जपून आणि थोडंच, त्यामुळे हात दिसले की जरा बरं वाटायचं.

त्या सोमवारी कार्डावर एक ओळ जास्त होती.

नाव, काम, लोकांनी दिलेले तारे, आणि त्याखाली त्याच सुबक अक्षरात 'राहण्याचा पत्ता'. गाव, गल्ली, घर नंबर. पुढे 'जिना मागच्या अंगणातून'. सिनेमात अशा वेळी कप हातातून पडतो. माझा पडला नाही. मी तो नीट टेबलावर ठेवला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

बहिणीला घरात आम्ही ठकी म्हणतो. लहानपणी जिथं बसवाल तिथं बसून राहायची, लाकडी बाहुलीसारखी, म्हणून ठकी. लग्नानंतर ती पुन्हा तशी झाली, तेव्हा आम्ही शहाणे एकमेकांना सांगत होतो, 'बघा, किती समजूतदार झाली.' जावईबापूंच्या जिभेवर साखर. आले की आईच्या तब्येतीची चौकशी, माझ्या नोकरीची चौकशी. कामाला जाताना ते दाराला बाहेरून कुलूप लावतात, हे आम्हाला तिचं मनगट मोडल्यावर कळलं. दारात हात सापडला, असं तिनं दवाखान्यात सांगितलं. दार कुणी ढकललं ते सांगितलं नाही. हाड वाकडं जुळलं. तिच्या उजव्या मनगटावर अजून एक उंचवटा आहे आणि तो बघून तिला ओळखतील अशी माणसं जगात चारच. ती स्वतः, आई, मी आणि जावईबापू.

"फोटोत हात नको ग," मी तिला म्हटलं होतं.

"हात दाखवले नाहीत तर काम कोण देईल? माझं नाक बघून?" ती म्हणाली. घर सोडल्यापासून तिला पुन्हा जीभ फुटली होती. कुत्र्यांची भीती नाही का वाटत, असं विचारलं तर म्हणायची, "माणसांपेक्षा बरी. चावायच्या आधी गुरगुरतात तरी."

मी तिला म्हटलं, ठीक आहे, टाक फोटो. साइट माझी आहे, मी बसलेय ना इथं. निर्धास्त राहा. हे मी माझ्या तोंडानं म्हटलं होतं.

आईलाही मी धडा दिला होता. जावईबापूंचा आईला अधूनमधून फोन यायचा. कोर्टात तारखा पडत होत्या, पण फोन करू नका असं काही कोर्टानं त्यांना अजून सांगितलं नव्हतं. आईनं फोन उचलला नाही तर ते दारात येऊन उभे राहायचे. दारातल्या जावयापेक्षा फोनमधला बरा, असा आईचा हिशेब. म्हणून मी तिला बजावलं होतं की गाव सांगायचं नाही, गल्ली सांगायची नाही, फोन नंबर द्यायचा नाही, घरमालकिणीचं नाव नाही, आमच्या साइटचं नाव नाही. आईनं ते बोटांवर मोजून पाठ केलं. फोन आला की डाव्या हाताची बोटं उघडून समोर धरायची आणि मगच 'हॅलो' म्हणायची. मला तिचं कौतुक वाटायचं.

तर सोमवार. मी उठले आणि घाईरामच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. घाईराम हे त्याला मीच ठेवलेलं नाव. माणूस वाईट नाही. फक्त त्याची बोटं डोक्याच्या पुढं धावतात.

"कार्डावर पत्ते कुणी टाकले?"

"कार्डावर? मी कार्डाला हातच नाही लावला," तो म्हणाला. "शुक्रवारी 'जवळचा माणूस आधी दाखवा' ते केलं ना. अंतर मोजायला पत्ता लागतो, म्हणून माणसं नोंदवून घेताना तपासणीसाठी घेतलेले पत्ते इकडे आणून ठेवले. कार्डाला हात नाही लावला, शपथ."

तो खरं बोलत होता, आणि तेच माझ्या डोक्यात गेलं. आमच्याकडे एका माणसाची माहिती अ‍ॅरेमध्ये असते. अ‍ॅरे म्हणजे खणांचं कपाट समजा. प्रत्येक खणावर चिठ्ठी आणि आत तेवढीच माहिती. नावाचा खण, फोटोचा, फोनचा, पासवर्डचा. लोकांना कार्ड दाखवायचं तर कपाटातलं थोडंच बाहेर काढायचं असतं आणि त्याच्या दोन रीती आहेत. पहिली 'फक्त'. फक्त नाव, फोटो, काम आणि तारे दे. दुसरी 'सोडून'. फोन, पासवर्ड आणि जन्मतारीख सोडून बाकी सगळं दे. ज्या दिवशी लिहिता त्या दिवशी दोन्हींतून तेच बाहेर येतं, त्यामुळे फारसं कुणी भांडत बसत नाही.

मी भांडले होते. 'फक्त' लिही, म्हटलं होतं. तेव्हा हा म्हणाला होता, "एकच तर आहे दोन्ही. उद्या बाईंना कार्डावर अनुभवाची वर्षं हवी झाली की 'सोडून'मध्ये ती आपोआप येतील, मला पुन्हा हात लावायला नको. तू फक्त काय लपवायचं ते सांग." साइट सुरू करायची गडबड होती. बाई, म्हणजे आमच्या मालकीण, काचेपलीकडून घड्याळ दाखवत होत्या. आणि मी सांगितलं, फोन, पासवर्ड, जन्मतारीख.

आता शुक्रवारी कपाटात नवा खण आला. त्याचं नाव लपवायच्या यादीत नव्हतं, म्हणून तो बाकीच्यांबरोबर हात हलवत बाहेर गेला.

"तू सांगितलेलं एकूण एक लपवलंय," घाईराम म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "पत्ता तू सांगितला नव्हतास."

"तेव्हा पत्ता होता का तिथं?"

"नव्हता."

"मग जे जन्मालाच आलं नाही ते मी लपवायला कसं सांगणार होते? कुंडली मांडून?" माझा आवाज एवढा चढला की बाई केबिनच्या बाहेर आल्या. त्याला ऊठ म्हटलं, त्याच्या खुर्चीत मी बसले. 'सोडून'ची ओळ खोडली. 'फक्त' लिहिलं आणि पुढं चार नावं, नाव, फोटो, काम, तारे. एका माणसाचा फोटोच नव्हता, तर त्याचं कार्ड उघडताना पान बंद पडलं. तिथं लिहिलं, खण नसेल तर रिकामी जागा दाखव, रडू नकोस. साइटवर चढवलं आणि सगळी कार्डं एकेक करून उघडून पाहिली. पत्ता गेला होता. काम अर्ध्या तासाचंही नव्हतं. याचाच मला जास्त संताप आला.

"झालं ना मग?" बाई म्हणाल्या. "गाजावाजा नको. दोन-तीन दिवस कुणी बघितलंही नसेल."

"बाई, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. ज्यांचे पत्ते दिसले त्या सगळ्यांना सांगायला हवं. तुम्ही सांगता की मी सांगू?"

बाईंना ठकीची गोष्ट माहीत नव्हती. मी ती ऑफिसात कुणालाच सांगितली नव्हती. पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काहीतरी कळलं असावं. त्यांनी फोन हातात घेतला आणि पहिल्या माणसाला लावला. घाईरामनं दुसऱ्याला लावला. मी जिन्यात गेले आणि ठकीला लावला.

मागे नळाचं पाणी चालू होतं. मी सांगितलं तसा नळ बंद झाला.

"कधीपासून दिसत होता?" तिनं विचारलं.

"शुक्रवार संध्याकाळपासून."

तिनं नळ पुन्हा सुरू केला. मग म्हणाली, "भोपळ्याच्या डोळ्यात साबण जाईल, ठेवते." भोपळा म्हणजे फोटोतलं ते पांढरं कुत्रं. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखी झाले असते.

लॅपटॉप घेऊन मी त्याच दुपारच्या बसनं तिच्याकडे गेले. तिची खोली मी पहिल्यांदाच बघत होते. मागच्या अंगणातून लोखंडी जिना, वर एक दार, दाराला आतून दोन कड्या. बाहेरून कडीच नव्हती. कोयंडा तिनं पहिल्याच दिवशी स्क्रू काढून उपटला होता आणि चार भोकं पुट्टीनं बुजवली होती. आत एक पलंग, एक शेगडी, भिंतीला टांगलेले ब्रश आणि कात्र्या. खिडकीला पिवळे पडदे, स्वतः शिवलेले, एक दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड. "मोजताना भोपळा टेपवर बसला होता," ती म्हणाली.

खाली घरमालकीण आणि भोपळा राहायचे. घरमालकीण निवृत्त भूलतज्ज्ञ. जन्मभर लोकांना झोपवलं आणि आता स्वतःला झोप येत नाही, असं सांगून स्वतःच हसायच्या. पत्त्याची भानगड कळल्यावर हसल्या नाहीत. जिन्याच्या पायरीशी भोपळ्याचं अंथरूण टाकलं आणि म्हणाल्या, "हा भुंकत नाही, आळशी आहे. पण याला ओलांडून वर जाऊन दाखवा कुणी."

तो आठवडा आम्ही जिन्याकडे कान लावून काढला. मी पलंगावर बसून ऑफिसचं काम करायचे, ती दुपारी कामाला जायची तेव्हा बरोबर जायचे. लोकांच्या न्हाणीघरात स्टुलावर बसून मी लॅपटॉपवर टकटक करतेय आणि ती गुडघ्यावर बसून कुणाच्या तरी केसाळ पोटावर पाणी ओततेय. रस्त्यात पाठीमागं पावलं वाजली की दोघीही बोलायच्या थांबायचो, आणि कुणी तिसराच पुढं निघून गेला की एकमेकींकडे न बघता पुन्हा बोलायला लागायचो. जिन्यावर मांजर आलं तरी ती हातातली कात्री घट्ट धरायची. घर सोडून ती एवढी मोकळी झाली होती आणि माझ्या तीन शब्दांच्या यादीनं तिला पुन्हा दाराकडे बघत बसायला लावलं होतं.

एकदा चहा गाळताना तिनं विचारलं, "तू नेमकं काय बदललंस ग?"

मी सांगितलं. कपाट, खण, 'सोडून', 'फक्त'. तिनं ऐकलं आणि भिंतीवरच्या ब्रशांकडे बघत म्हणाली, "म्हणजे आधी तुम्ही काय लपवायचं ते ठरवत होता, आणि आता काय द्यायचं ते ठरवता."

"बरोब्बर."

"हे मला लग्नाआधी सांगायचंस," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. हसायचं नव्हतं, पण हसलो.

शनिवारपर्यंत कुणी आलं नाही. पत्ता जेमतेम एक शनिवार-रविवार दिसला होता, बघणाऱ्यानं बघितला असता तर एव्हाना आला असता, असं आम्ही एकमेकींना पटवलं. रविवारी तिचं सगळ्यात मोठं काम असायचं. गावाच्या कडेला तळं होतं. तिथं रविवारी सकाळी कुत्री पोहायला आणायची माणसं, आणि चिखलानं माखलेली कुत्री घरी न्यायची कशी हा प्रश्न पडला की ठकीपुढं रांग लावायची. एक घडीचं टेबल, दोन बादल्या, लांब नळी. "चल," ती म्हणाली. "नाहीतर पुढच्या रविवारी दुसरं कुणी टेबल लावेल."

ऊन चांगलं पडलं होतं. रांगेत एक शेपटी तुटलेलं, एक आंधळं, एक कुणालाच जुमानत नाही असं. मी टॉवेल द्यायचं काम करत होते. ठकी दोन्ही हात फेसात बुडवून भोपळ्याशी बोलत होती, आणि मला तेव्हा खरंच वाटलं की टळलं. मी घाईरामला माफसुद्धा करून टाकलं मनात.

"आई म्हणाल्याच होत्या, रांग लागते म्हणून."

जावईबापू टेबलापाशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात कॉफीचा कागदी कप. ते रांगेतून आले नव्हते, बाजूनं आले होते. चेहऱ्यावर तेच नेहमीचं हसू.

ठकीचे हात फेसात होते तिथंच राहिले. ती हलली नाही. मी तिला चांगली ओळखते, ती पुन्हा लाकडाची झाली होती.

"किती शोधलं," ते म्हणाले. "रविवारी कुत्र्यांना अंघोळ घालतात अशी तळी काही फार नाहीत, पण तीन पालथी घातली. राहतेस कुठं?"

तो प्रश्न माझ्या कानात घुसला. राहतेस कुठं. म्हणजे त्यांना पत्ता माहीत नव्हता. कार्ड त्यांनी बघितलंच नव्हतं. आठवडाभर आम्ही ज्या दाराकडे बघत बसलो होतो त्या दारानं ते आलेच नव्हते.

मी त्यांच्या आणि तिच्यामध्ये जाऊन उभी राहिले. काय बोलले ते मला आठवत नाही, फार सभ्य नव्हतं. ते माझ्या खांद्यावरून तिच्याकडेच बघत होते. तेवढ्यात घरमालकीण रांगेतून पुढं आल्या आणि ऑपरेशन थिएटरात वापरत असतील त्या आवाजात म्हणाल्या, "तुमचं कुत्रं कुठंय?"

"मी तिचा नवरा आहे."

"ते विचारलं नाही. कुत्रं असेल तर रांगेत उभे राहा. नसेल तर निघा."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी फोन काढला. जावईबापूंनी कॉफीचा घोट घेतला, कप टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला, ठकीच्या कोपरापासून वीतभर अंतरावर, आणि मऊ आवाजात म्हणाले, "घाई नाही. आता गाव कळलंय." आणि गेले. गुरगुरले नाहीत.

ठकीनं भोपळ्याच्या अंगावरचा फेस पूर्ण धुतला. त्याला पुसलं. मगच ती खाली बसली.

तिथल्या चौकीत आम्ही तक्रार दिली. लिहून घेणारा पोलीस म्हणाला, "हात लावला का त्यांनी?" नाही. "धमकी दिली?" मी ते वाक्य सांगितलं. त्यानं ते लिहिलं, वाचलं आणि पेन थांबवलं. कागदावर ते वाक्य कुणी पाहुणा म्हणेल तसं दिसत होतं.

बाहेर येऊन मी आईला फोन लावला. ठकी शेजारी उभी होती, म्हणून स्पीकर चालू केला.

"आई, तू त्यांना काय सांगितलंस?"

"कुणाला? काही नाही ग. गाव नाही, गल्ली नाही, नंबर नाही, मालकिणीचं नाव नाही, तुमच्या साइटचं नाव नाही." बोटं उघडली असणार तिनं, मला इथून दिसत होती.

"आणि तळं?"

आई बोलायला लागली आणि थांबेना. "ते म्हणाले, कुठंतरी भीक मागत फिरत असेल. म्हणाले, तिला येतंय काय? माझा जीव जळला ग. मी म्हटलं, भीक का मागेल माझी लेक? रविवारी तळ्याकाठी लोक कुत्री घेऊन रांगा लावतात तिच्यापुढं, या म्हणावं बघायला! एवढंच म्हटलं. गाव नाही सांगितलं मी. शपथ नाही सांगितलं." आणि मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "तळं तू सांगितलं नव्हतंस."

घाईराम जवळजवळ हेच बोलला होता. त्याच्यावर मी आख्खं ऑफिस गोळा होईल एवढी ओरडले होते. आता आईवर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. तळ्याचं टेबल ठकीनं लावलं ते अगदी अलीकडे. मी आईला धडा दिला तेव्हा ते नव्हतंच. नंतर ठकीनं मला कौतुकानं सांगितलं, मी आईला कौतुकानं सांगितलं, आणि आईनं कौतुकानंच पुढं सांगितलं. काय लपवायचं ते मीच आईला पाठ करून दिलं होतं. काय बोलायचं ते सांगायचं मला सुचलं नव्हतं. 'ती बरी आहे', या तीन शब्दांवर भागलं असतं.

"आई, रडू नकोस," ठकी फोनवर वाकून म्हणाली. "त्यांना रांग दिसली, बरं झालं."

ब्रश, कात्र्या, पिवळे पडदे. सामान असं नव्हतंच. घरमालकीणबाईंची कुणी जुनी मैत्रीण होती, कुठंतरी दुसऱ्या गावी, तिच्याकडे जायचं ठरलं. ते दोघींनी खाली स्वयंपाकघरात ठरवलं, मी वर पडदे काढत होते. भोपळा जिन्याच्या पायरीशी आडवा पडला होता आणि ठकीला त्याला ओलांडून जावं लागलं. त्याच्या डोक्यावर तिनं हात ठेवला आणि पटकन उचलला, गरम तव्यावरून उचलावा तसा.

बसस्टँडवर फलाटांच्या पाट्या होत्या. तिनं मला अलीकडच्या बाकावर थांबवलं, जिथून एकही पाटी वाचता येत नव्हती.

"तिकीट कुठलं काढलंस?" मी विचारलं.

तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"अगं, मला तर सांगशील. मी काय आई आहे?"

"ताई," ती म्हणाली, "मला त्या पानावरून काढून टाक. फोटोसकट."

"काढते. पण जातेस कुठं?"

"काय द्यायचं ते ठरवायचं म्हणालीस ना तू? मी ठरवलंय." तिनं माझा हात धरला, त्या वाकड्या मनगटाच्या हातानं. "दर रविवारी मेसेज करीन. बरी आहे, एवढंच लिहीन. त्याच्यापुढं काही विचारायचं नाही. विचारलंस तर मी सांगेन, मला माहितेय मी सांगेन. म्हणून विचारू नकोस."

"मला पण एवढंच?"

"तुला पण एवढंच."

मला राग आला. खरं सांगते, तिचाच राग आला. आख्ख्या जगापासून लपव, पण माझ्यापासून? मी तिचा हात सोडवून घेतला आणि दुसरीकडे बघितलं. ती उठली. मग पिशवी उचलून गेली, आणि मी वळून बघेपर्यंत तीन बसगाड्या एकदम हलल्या होत्या. त्यातल्या कुठल्या बसला हात करायचा ते कळलं नाही, म्हणून मी तिन्हींना केला.

ऑफिसात गेल्यावर तिचं कार्ड मीच काढलं. घाईराम मागं उभा होता. कुणाचं, असं त्यानं विचारलं नाही. परवा नवं काहीतरी लिहिताना मला म्हणाला, "'फक्त' लिहिलंय, बघून घे." मी बघितलं. बरोबर होतं. सकाळी चहा घेते तेव्हा आता समोर काहीच नसतं, म्हणून मेल उघडते.

रविवारी मेसेज येतो. 'बरी आहे.' कधी सकाळी, कधी दुपारी. मी आईकडे जाते आणि तिला वाचून दाखवते. आई म्हणते, "पुढे?" मी म्हणते, पुढे काही नाही. तरी ती माझ्या हातातून फोन घेते आणि बोटानं पडदा खाली-वर करून बघते.

मागच्या रविवारी मी तिथं असतानाच जावईबापूंचा फोन आला. आईनं माझ्याकडे बघितलं. सवयीनं तिचा डावा हात वर आला, बोटं उघडली आणि ती त्या बोटांकडे बघत राहिली. मग तिनं हात मांडीवर ठेवला आणि फोन उचलला.

"आई, जेवलात का?" पलीकडून तोच गोड आवाज. "तिथून गेली म्हणे ती. आता कुठं असते?"

"मला माहीत नाही हो," आई म्हणाली.

"असं कसं? लेक आहे तुमची. काय करते, कशी आहे, काहीतरी बोलत असेल."

"बरी आहे."

"आणखी?"

"आणखी मला माहीत नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत, मग आणखी वेगळ्या शब्दांत. आई तेच म्हणत राहिली. शेवटी पलीकडचा आवाज पहिल्यांदाच थोडा खरखरीत झाला आणि फोन बंद झाला.

आईनं फोन टेबलावर ठेवला. हाताच्या पाठीनं डोळे पुसले आणि मला विचारलं, "चुकून काही बोलून गेले का ग?"

"नाही आई," मी म्हटलं. "तुझ्यापाशी बोलून जाण्यासारखं काही राहिलंच नाहीये. माझ्यापाशीपण नाही."